धाबं उकरणारी माणसं

मार्कने लिहिलेलं शुभवर्तमान, म्हणजे येशूची आनंदाची बातमी सांगणारं पुस्तक, भीतीपाशी येऊन थांबतं. सोळाव्या अध्यायात मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे अशा तिघी उजाडता उजाडता सुगंधी द्रव्यं घेऊन येशूच्या कबरेकडे निघतात. कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटणार, ही त्यांची वाटेतली काळजी. जाऊन बघतात तर धोंड सरकलेली आणि आत पांढरा झगा घातलेला एक तरुण बसलेला. घाबरू नका, तो उठला आहे, जा आणि त्याच्या शिष्यांना व पेत्राला सांगा, असं तो म्हणतो. आम्हा ख्रिस्ती लोकांची सगळ्यांत मोठी आनंदाची बातमी ती हीच. ती ऐकून या बायका काय करतात? थरथरत पळ काढतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या फार भ्यालेल्या असतात.

आपल्या हातातल्या बायबलात यापुढेही वचनं छापलेली आहेत, विसाव्यापर्यंत. पण चौथ्या शतकातल्या सिनायटिकस आणि व्हॅटिकनस या दोन जुन्या हस्तलिखितांत मार्क आठव्या वचनावरच लेखणी खाली ठेवतो. पुढचा भाग नंतर कुणीतरी जोडला असावा, असं बहुतेक अभ्यासक म्हणतात. जोडणाऱ्याचं मन मला कळतं. एवढी मोठी गोष्ट अशी भीतीत सोडून कशी चालेल, असं त्याला वाटलं असणार. मला मात्र तो तुटका शेवटच जवळचा आहे, कारण मी स्वतः भित्री बाई आहे.

हे मी विनयाने म्हणत नाही. रात्री अवेळी फोन वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. लिफ्टमध्ये एकटीने जायचं टाळते. संडे स्कूलमध्ये दावीद आणि गल्याथाची गोष्ट शिकवताना मला दावीद कधी ओळखीचा वाटला नाही. ओळखीचं वाटतं ते मागे उभं राहून बघणारं इस्राएलाचं सैन्य. बायबलात ‘भिऊ नको’ हे शब्द बरोबर 365 वेळा आलेत, वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एकदा, असा एक मेसेज व्हॉट्सॲपवर दर जानेवारीत फिरतो. मोजायला बसलं तर हिशेब जुळत नाही. पण पुष्कळ वेळा आलेत हे खरं, आणि ज्यांना ते सांगितलंय ती सगळी माणसं त्या क्षणी चांगलीच घाबरलेली होती हेही खरं. मेंढपाळ, मरीया, योसेफ, होडीतले शिष्य. धीट माणसाला कोण कशाला सांगेल भिऊ नको म्हणून!

म्हणून मला कायम पडणारा प्रश्न साधा आहे. ही बातमी आनंदाची आणि धीर देणारी आहे म्हणतात, तर मग तो आनंद आणि तो धीर माझ्यासारखीच्या अंगात येतो कुठून? ‘विश्वास ठेव, येईल’ हे उत्तर मी लहानपणापासून ऐकत आलेय. विश्वास ठेवायलासुद्धा आधी थोडा धीर लागतोच की.

मला पटलेलं उत्तर आजीकडून आलं, तेही प्रवचन म्हणून नाही.

आमचं घर मूळचं नगर जिल्ह्यातलं. आता अहिल्यानगर झालं, पण जिभेला वळण लागायला वेळ लागेल. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरात बस्तान बसवलं, आणि पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत जिल्हाभर गावोगाव छोट्या छोट्या मंडळ्या, म्हणजे एकत्र उपासना करणारे ख्रिस्ती समूह, उभ्या राहिल्या. त्यातल्याच एका मंडळीतली माझी आजी बायबलबाई होती. आता हे पद कुणाला ठाऊक नसेल. पुरुष प्रचारकांना घरांच्या आत जाता येत नसे, तिथे मिशनच्या या बायका जायच्या. वाचता येणाऱ्या, बहुतेक विधवा किंवा परित्यक्ता, तुटपुंज्या पगारावर मैलोन्‌मैल पायी हिंडणाऱ्या. इतिहासात मिशनरी साहेबांची आणि मडमांची नावं आहेत. बायबलबायांची नावं फारशी कुणी लिहून ठेवली नाहीत, याचा मला राग येतो.

आजीचं नऊवारी, काळी छत्री, कापडी पिशवी. पिशवीत शुभवर्तमानाची सुटी पुस्तकं, खायला गूळ-शेंगदाणे आणि मिस्रीची डबी. मिस्रीवरून पाळकसाहेब तिला रागवायचे. ती म्हणायची, बाई मिस्री लावायला बसली की दुसरी बाई तिच्याजवळ येऊन बसते, तुमचं टेबल-खुर्ची बघून कोण येतंय? घरात शिरल्या शिरल्या तिने कधी पुस्तक उघडलं नाही. आधी शेंगा फोडायला बसायची, नाहीतर पोराला मांडीवर घ्यायची. गोष्ट निघालीच तर निघायची.

तिची सगळ्यांत चालणारी गोष्ट मार्कच्या दुसऱ्या अध्यायातली. कफर्णहूममध्ये येशू एका घरात बोलत असतो. गर्दी इतकी की दारातही पाय ठेवायला जागा नाही. चार माणसं एका पक्षघाती माणसाला बाजेवर घालून आणतात. आत जाता येत नाही म्हणून छपरावर चढतात, छप्पर उकरतात आणि बाज वरून खाली सोडतात.

ही गोष्ट युरोपातल्या उतरत्या कौलांखाली बसून ऐकणाऱ्याला अवघड जात असेल. नगरच्या माणसाला तिच्यात काहीच समजावून सांगावं लागत नाही, कारण आमची घरं धाब्याची. भिंतींवर लाकडं, त्यावर काटक्या नि पालापाचोळा, वर पांढऱ्या मातीचा थर चोपून चोपून सपाट केलेला. उन्हाळ्यात वर झोपायचं, वाळवण घालायचं, पावसाआधी नवी माती टाकायची. असं धाबं उकरायला कुदळसुद्धा लागत नाही आणि उकरलं की खाली बसलेल्यांच्या डोक्यावर काय काय पडतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. आजी ‘अंगावरून वारं गेलेला माणूस’ म्हणायची आणि बायका ‘आगं आई’ करायच्या. मग धाबं उकरायचा प्रसंग. माती पडतेय, येशूच्या डोक्यात, शास्त्र्यांच्या पागोट्यांवर. बायका पदर तोंडाला लावून हसायच्या.

आणि एका गावात एका म्हातारीने तिला विचारलं, “बाई, मंग ते धाबं नंतर लिपलं कुणी?”

आजी सांगायची, इतकी वर्षं एवढे मोठे मोठे उपदेशक ऐकले, हा प्रश्न कुणाला पडला नाही, कारण त्यांच्यापैकी कुणी कधी घर लिंपलेलं नव्हतं. तिने म्हातारीला उत्तर दिलं, “त्यानंच. बाज खांद्यावर घेऊन घरी गेला न् दुसऱ्या दिशी माती घेऊन आला आसंल. आता हात-पाय होते की त्याला.” हे शास्त्रात नाही. पण मला ते शास्त्राच्या फार लांबचंही वाटत नाही.

शास्त्रात जे आहे ते याहून विलक्षण आहे आणि घाईत वाचताना निसटतं. पाचव्या वचनात म्हटलंय की येशूने त्यांचा विश्वास पाहिला. त्यांचा, म्हणजे वर मातीने बरबटलेल्या त्या माणसांचा. बाजेवर पडलेला माणूस त्या गोष्टीत एक शब्दही बोलत नाही. त्याला यायचं होतं की नव्हतं, त्याचा विश्वास होता की नव्हता, तो घाबरला होता का, दोरी तुटेल म्हणून डोळे मिटून पडला होता का, मार्क काही सांगत नाही. धीर त्या चौघांचा होता. उठून चालू लागला तो.

आजी याचा अर्थ वगैरे सांगत नसे. गोष्ट झाली की छत्री उचलून पुढच्या घरी. अर्थ मला फार उशिरा लागला, आणि तोही स्वतः आडवी पडल्यावर.

पण त्याआधी एक जुनं उणंदुणं काढायला हवं, कारण ते काढल्याशिवाय आनंदाच्या बातमीबद्दल बोलणं मला खोटं वाटेल. ‘पोटासाठी बाटले’ हे वाक्य आमच्याकडच्या प्रत्येक ख्रिस्ती माणसाने एकदा तरी ऐकलेलं असतं. शाळेत ऐकलं असेल, नोकरीत ऐकलं असेल, कधी अगदी प्रेमाच्या माणसाकडून चेष्टेत. आमची घराणी गावकुसाबाहेरची. 1876-77 चा दुष्काळ, मग 1896-97 चा, मग लगेच 1899-1900 चा. मिशनने अन्न दिलं, अनाथ पोरं सांभाळली, शाळा काढल्या आणि माणसं मंडळीत आली. पोटासाठी आली असतील? आली असतील. मी तिथे नव्हते, पण उपाशी पोराला कडेवर घेतलेल्या बाईने आधी सिद्धांत तपासावा आणि मग भाकरी घ्यावी, ही अपेक्षा भरल्या पोटी करता येते.

आणि ज्या पुस्तकाच्या नावाने हा टोमणा मारतात ते पुस्तक तरी उघडून बघावं. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाची गुंडाळी उघडून वाचतो ते काय? दीनांना सुवार्ता सांगण्यासाठी मला अभिषेक झाला आहे. त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत स्वर्गाच्या राज्यामागोमाग रोजची भाकर येते. आणि माझी सगळ्यांत आवडती जागा मार्कच्या पाचव्या अध्यायाच्या अगदी शेवटी आहे. याईराची बारा वर्षांची मुलगी मरते. येशू तिचा हात धरून तिला उठवतो. घरातली माणसं आश्चर्याने थक्क. अशा वेळी तो काय म्हणतो? हिला काहीतरी खायला द्या. मरणातून उठलेल्या पोरीला भूक लागली असेल, हे त्या गर्दीत एकट्याला सुचलं. ज्या शुभवर्तमानात हे वाक्य आहे तिथे कुणी पोटासाठी आलं तर त्याने चुकीचं दार ठोठावलं असं मला तरी वाटत नाही.

उलट जे व्हायला हवं होतं आणि झालं नाही ते वेगळंच. ‘तुम्ही मूळचे कोण?’ हा प्रश्न मंडळीत येऊनही मेला नाही. सोयरीक जुळवताना तर तो आधी विचारला जातो, प्रार्थना नंतर होते. त्याबद्दल आमच्याकडे उपदेश क्वचितच ऐकू येतो.

आनंदाची बातमी सगळ्यांना एकाच दिवशी आनंदाची वाटते, असंही नाही. कवी नारायण वामन टिळकांना 1893 च्या सुमारास नागपूर-राजनांदगाव प्रवासात आगगाडीत एका अनोळखी युरोपीय गृहस्थाने नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनापाशी पोहोचल्यावर त्यांना पुस्तक खाली ठेववेना. 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यासाठी तो शोध संपल्याचा दिवस. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंसाठी मात्र तीच बातमी जिवंत नवरा मेल्यासारखी होती. त्या काळातला आकांत त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवला आहे, हसत हसत, जसं फक्त त्याच लिहू शकल्या. काही वर्षं दोघं वेगळी राहिली. मग त्या परत आल्या, पण सोवळं-ओवळं सांभाळत, आपल्या चुलीवर आपलं शिजवत. शिवाशिवीची ती भिंत त्यांच्या मनातून हळूहळू पडली, ती पडल्यावर मग 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी माणसाच्या हातचं पाणी, मग धर्मांतर.

टिळकांच्या चरित्रात त्यांच्या धैर्याचं कौतुक असतं आणि ते खरंच आहे. जात, आप्त, मान, सगळं एका दिवसात गेलं त्यांचं. तरी मला वाटतं की त्यांनी त्या वेळी उडी एकट्याने मारली आणि मोल दोघांनी चुकवलं. उलट लक्ष्मीबाई ज्या गतीने आल्या त्या गतीत त्यांच्याबरोबर किती माणसं चालत आली बघा. पुढे त्यांच्या घरात कोण नव्हतं? दुष्काळातली पोरं, निराधार बाया, वाट चुकलेले विद्यार्थी. पुढे 1917 मध्ये खुद्द टिळकांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा झालेल्या-न झालेल्या सगळ्या येशूभक्तांसाठी. त्यांनाही शेवटी माणसांचा मेळाच हवा होता.

रमाबाईंचं याहून निराळं. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, पण त्यांनी पुढे स्वतःच सांगितलं की तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे. तो आनंद त्यांना जवळजवळ आठ वर्षांनी लाभला. मधल्या काळात त्या वाँटेजच्या सिस्टरांशी पत्रांतून कडाडून भांडत होत्या: एका पुरोहितशाहीच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले ती दुसरीच्या जोखडाखाली मान द्यायला नव्हे. शाळेत आम्हाला रमाबाईंचं शांत, पांढऱ्या साडीतलं चित्र दाखवत. ही भांडणारी रमाबाई कुणी दाखवली नाही. मला आधी तीच भेटली असती तर बरं झालं असतं.

आणि त्यांचं धैर्य कुठून आलं हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. 1874 च्या दुष्काळात आई-वडील आणि मागोमाग मोठी बहीण त्यांच्या डोळ्यांसमोर गेली. रानात पाला खाऊन दिवस काढलेली ही बाई. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या तिकडे गेल्या आणि सुमारे तीनशे मुली-बायका घेऊन आल्या. केडगावच्या उघड्या माळावर ‘मुक्ती’ हे निराधार बायकांचं घर उभं राहिलं ते या मुलींच्या जोरावर. त्याच मुली विहिरी खणताना दिसतात, शेत कसताना दिसतात, छापखाना चालवताना दिसतात. रमाबाईंनी साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत आयुष्याच्या शेवटपर्यंत बायबलचं भाषांतर केलं, आणि ते मुक्तीच्याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं. खिळे जुळवणाऱ्या त्या हातांमध्ये काही वर्षांपूर्वी हाडांखेरीज काही नव्हतं. 1921 मध्ये रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली आणि एप्रिल 1922 मध्ये त्या स्वतः. मधल्या महिन्यांत त्या काम करत राहिल्या. त्यांना एकटीला कुणी सोडलंच नसेल, असं मला वाटतं. तीनशेंना उचलून आणलेल्या बाईच्या बाजेला खांदे कमी कसे पडतील!

आता माझं.

2021 च्या एप्रिलमध्ये माझा नवरा हॉस्पिटलात होता आणि मला घरात वेगळं ठेवलेलं. ऑक्सिजनचे आकडे फोनवर यायचे. मी आयुष्यभर प्रार्थना करत आलेली बाई, पण त्या दिवसांत मला एक ओळ म्हणता येईना. तोंडाने ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू व्हायचं आणि पुढे डोक्यात फक्त आकडा. बायबल उघडलं तर अक्षरं दिसायची, वाक्य लागायचं नाही. बातमी आनंदाची असो की दुःखाची, ऐकायला माणूस आत हजर असावा लागतो, आणि मी नव्हते.

मंडळीतल्या बायकांनी वेळा वाटून घेतल्या. पहाटे चारची वेळ एका शिक्षिकेने घेतली होती, कारण तिलाही झोप येत नसे. त्या फोन करायच्या, मला बोलायला लावायच्या नाहीत, आपलं आपण म्हणायच्या, कधी स्तोत्र, कधी जुनं उपासनेतलं पद, आणि फोन ठेवायच्या. दाराशी डबा यायचा, तो मंडळीतला नव्हेच, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा. त्यांच्याकडून गणपतीत मी प्रसादाचं ताट आणते आणि नाताळात त्यांच्याकडे आमच्या करंज्या जातात, एवढीच आमची धर्मचर्चा. डब्यावर काकू चिठ्ठी चिकटवायच्या: “संपवायचं आहे.”

फिलिप्पैच्या तुरुंगाची गोष्ट मला त्या वेळी आठवली नाही, नंतर आठवली. पौल आणि सीला या येशूच्या प्रचारकांना फटके मारून, पाय खोड्यात अडकवून आतल्या कोठडीत टाकलेलं, आणि मध्यरात्री ते गाणी म्हणतात. इथवर सगळ्यांना माहीत असतं आणि सगळी प्रवचनंही इथेच थांबतात, संकटात गाणारे वीर म्हणून. मला पुढचा भाग हवा असतो. भूकंप होतो, दारं उघडतात, कैदी पळाले असं समजून तुरुंगाचा नायक तलवार उपसतो, स्वतःच्याच पोटात खुपसायला. अंधारातून पौल ओरडतो: स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथेच आहोत. दार उघडं असताना कुणी गेलं नव्हतं. त्या नायकाने ऐकलेलं पहिलं शुभवर्तमान हे. नंतर तो त्यांचे वळ धुतो, घरी नेऊन जेवू घालतो, आणि घरादारासकट आनंद करतो. ‘प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा, पुन्हा म्हणेन, आनंद करा’ हे पौलाने पुढे कैदेत असताना लिहिलं ते याच फिलिप्पैच्या मंडळीला. ते पत्र वाचणाऱ्यांत हा नायक असेल का? असेल तर त्याला त्या ओळीचा अर्थ विचारायला लागला नसेल.

माझा नवरा घरी आला. हे मी देवाच्या कृपेनेच म्हणते, पण याला शुभवर्तमान म्हणायला माझी जीभ धजत नाही. आमच्याच मंडळीतले दोघं त्या महिन्यात गेले. त्यांच्यासाठीही पहाटे चारला तीच शिक्षिका उठत होती. त्यांच्या बायका-मुलांच्या देखत मी ‘प्रार्थनेने वाचला’ अशी साक्ष उभी राहून कशी देऊ? त्यातल्या एकीने, अंत्यविधीला चार माणसंसुद्धा जमू दिली नव्हती त्या दिवसांनंतर काही महिन्यांनी, मला एवढंच सांगितलं की कबरीशी उभ्या असलेल्या मुलांपैकी एकालाही ती ओळखत नव्हती, तरी ती सगळी गात होती. बस. त्यावर तिने काही भाष्य केलं नाही आणि मीही करणार नाही.

म्हणून हल्ली जी दुसऱ्या प्रकारची ‘आनंदाची बातमी’ विकली जाते तिचा मला मनापासून कंटाळा आहे. मोठा मंडप, मोठे स्पीकर, ‘आज रात्री तुमचं कर्ज फिटेल, तुमचा व्हिसा येईल’. गुलाबाच्या फोटोवर छापलेलं वचन, खाली ‘सात जणांना पाठवा’. त्यात येणारी माणसं खोटी नसतात, त्यांची दुखणी खरी असतात, आणि म्हणूनच राग येतो. ज्याचं कर्ज फिटत नाही त्याला वर हेही ऐकावं लागतं की तुझाच विश्वास कमी पडला. कफर्णहूमच्या बाजेवरच्या माणसाला हे कुणी विचारलं नव्हतं.

भीतीही नव्या आल्या आहेत. घरात प्रार्थना ठेवली तर दाराबाहेर चपला किती दिसतील, याचा विचार करणारी घरं मला माहीत आहेत. टाळी वाजवायची की नको, खिडकी लावून घ्यायची का. राज्यघटनेच्या 25 व्या कलमाने दिलेला हक्क पुस्तकात शाबूत आहे, पण चपला आत घेतल्या जातात. मी त्यांना भित्रे म्हणणार नाही, मी कोण म्हणणार? एवढंच दिसतं की चपला आत घेऊन का होईना, माणसं जमतात. मार्कच्या त्या तिघींचंही तसंच झालं असणार. तोंड उघडवेना म्हणून पळाल्या, पण कुठल्यातरी घरात, दार लावून, एकमेकींच्या सोबतीने का होईना, त्यांनी कुणाला तरी सांगितलंच असेल. नाहीतर ती पहाट मार्कला कुठून कळली? लूक तर म्हणतो की बायकांचं ऐकून प्रेषितांना ते सगळं बरळणं वाटलं. तरी बातमी पोहोचली.

गेल्या महिन्यात संडे स्कूलला मार्कचा दुसरा अध्याय माझ्या वाट्याला आला. आमची मंडळी आता पुण्यात, पोरं सगळी फ्लॅटमधली. धाब्याचं घर म्हणजे काय ते फळ्यावर काढून दाखवलं, तर एकाने विचारलं, सोसायटीच्या सेक्रेटरीने टेरेसची चावी दिली कशी? दुसरा म्हणाला, वॉटरप्रूफिंगचे पैसे कुणी भरले? मला आजीची म्हातारी आठवली आणि मी आजीचंच उत्तर दिलं, ते त्यांना पटलं. मग नाटक करायचं ठरलं. सतरंजीची चार टोकं धरायला बारा जण पुढे, टोकांवरून मारामारी. बाजेवर झोपायला मात्र कुणी तयार होईना. शेवटी मीच आडवी झाले. चौघांना मी उचलले जाईना, सतरंजी जमिनीवरून हलेना, मग आठ झाले, मग सगळे, धाकट्यांनी माझी चप्पल धरली आणि एक जण नुसताच “हळू, हळू!” ओरडत होता. हेलकावे खात, दोनदा आपटत, मला व्यासपीठापर्यंत नेलं, आणि तेवढ्यात उपासनेसाठी लवकर आलेले पाळकसाहेब दारात येऊन उभे. पोरं थबकली. साहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सतरंजीकडे, मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं, बाह्या सारल्या आणि म्हणाले, “एक टोक इकडे द्या रे.”